लाल ठिपक्याचं मशीन

माझी नात डावखुरी आहे. परवा तिनं नवीन माऊस आणला आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर कुठंतरी दोनदा टिचकी मारून त्याचं डावं बटण उजवं आणि उजवं डावं करून टाकलं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ती म्हणाली, "आजोबा, कीबोर्डचंही असंच करता येतं. दाबायचं हे बटण आणि उमटायचं ते अक्षर. आपण सांगू तसं."

मी म्हटलं, "हे काम मी हिंगोलीत स्टोव्हवर सळई तापवून करत होतो."

पोरीला वाटलं, म्हाताऱ्याची थट्टा चालली आहे. थट्टा नव्हती. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या धंद्याबद्दल लिहा' असा लकडा लावलाच आहे, तर तेच लिहितो.

मी टाइपरायटर मेकॅनिक होतो. सत्तरच्या दशकात हिंगोली जिल्हा व्हायची होती; परभणी जिल्ह्यातलं ते एक तालुक्याचं गाव. पण कोर्ट होतं, तहसील होती, मार्केट कमिटी होती, शाळा होत्या, आणि प्रत्येक ठिकाणी एका कोपऱ्यात एक टाइपरायटर आणि त्याच्यावर खेकसणारा एक कारकून असायचाच. गफूर उस्तादांच्या दुकानात मी काम शिकलो. उस्ताद निजामाच्या राज्यात उर्दू मशीनं दुरुस्त करून म्हातारे झालेले. मराठी त्यांना वाचता यायची, पण बोलताना ते दखनीच बोलायचे, आणि मशीनशी तर नक्कीच दखनीत बोलायचे. शिव्यांसकट.

आमच्या धंद्यात माणसाचं काही लपत नसे. मशीन उलटं करून झटकलं की कोणत्या ऑफिसात काय खाल्लं जातं ते टेबलावर पडायचं. तहसिलीतून शेंगदाण्याची टरफलं आणि गूळ, कोर्टातून सुपारी, शाळेतून खडूची भुकटी. कळमनुरीच्या एका ऑफिसातलं मशीन 'चालत नाही' म्हणून आलं, तर आत उंदरीण बाळंत झालेली. पिल्लांचं अंथरूण सरकारी कागदाच्या चिंध्यांचं होतं. उस्तादांनी पिल्लं हळूच उचलून टोपलीत ठेवली आणि मगच मशीनला हात घातला. साहेबांना मात्र त्यांनी फक्त 'स्प्रिंग ढिली होती' असं सांगितलं. गिऱ्हाइकाला लाजवायचं नाही, हा त्यांचा एक नियम.

दुसरा नियम फार कडक होता. "कंपनी जहाँ बिठाई, अक्षर वहीच रहना. तू कौन होता रे हिलानेवाला?"

हा नियम कळायला मशीन थोडं कळायला हवं. बटण दाबलं की आतली एक लोखंडी दांडी उडून रिबनीवर आपटते. दांडीच्या टोकाला अक्षराचा ठसा असतो, तो वितळवलेल्या कथलाचा डाग देऊन चिकटवलेला. प्रत्येक ठशावर दोन अक्षरं, एक नेहमीचं आणि एक शिफ्ट दाबल्यावर येणारं. डाग सैल झाला की अक्षर तिरकं उमटतं किंवा ओळीच्या खाली-वर जातं. मग सळई तापवायची, कथील वितळवायचं, ठसा केसभर सरकवायचा आणि थंड होईपर्यंत श्वास धरून बसायचं. अक्षर ओळीत बसवणं यातच आमची सगळी विद्या. ती उस्तादांच्या हातात अशी होती की परभणीहून मशीनं यायची.

काम झालं की मशीनवर एक ओळ टाइप करून बघायची. प्रत्येक मेकॅनिकची आपली एक ओळ असते. आमच्या दुकानाची ओळ उस्तादांनीच केलेली: 'पावसाळ्यातही कनेरगावचा रस्ता चांगला आहे.' ज्यानं त्या काळात पावसाळ्यात कनेरगाव नाक्यापर्यंत एस.टी.नं प्रवास केला असेल त्याला ती वाचून हसू यायचंच. माझ्या बोटांना ही ओळ इतकी पाठ होती की झोपेतही टाइप केली असती.

अशात एक दिवस वच्छला दुकानात आली. मूळची पुसेगावची, हिंगोलीत मुलींच्या वसतिगृहात राहून मॅट्रिक झालेली, आणि आता टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जाणारी. उस्ताद तेव्हा लेकीकडे नांदेडला गेले होते. तिनं उजवा हात पदराखालून काढून सरळ टेबलावर ठेवला. मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट, दोन्ही मुळापासून नव्हती.

"लहानपणी कडबा कापायच्या कुट्टी-मशीनीत गेली," ती म्हणाली. "दत्तूभाऊ, तुमी अक्षरं हलवता असं ऐकलं. माझ्यासाठी एखाद्या मशीनची हलवून द्या."

"अक्षरं नीट करतो आम्ही. हलवत नाही."

"काहून न्हाई? डागच हाय ना तो? काढला की निघतो."

मी म्हटलं, आठ बोटांनी टाइप करणारे पुष्कळ आहेत, दोन बोटांनी करणारे तर प्रत्येक ऑफिसात आहेत. ती म्हणाली, "त्यांना नोकरी लागलेली हाय, भाऊ. मला लागायची हाय." हिंगोलीतल्याच एका ऑफिसात टायपिस्टची जागा निघणार होती. परीक्षेचं सर्टिफिकेट असेल तरच अर्ज घेणार होते, आणि तिचा वेग पास होण्याच्या थोडा अलीकडे येऊन अडकला होता. मग ती जे बोलली ते मी विसरलो नाही. "कापूस वेचायला दहा बोटं लागतात. विळा धरायला बी लागतात. गावात मी सगळ्यांच्या मागं राहते. कागदाला आठ चालतील असं वाटलं म्हणून इथवर आले."

तिचं दुखणं मला मेकॅनिक म्हणून लगेच दिसलं. तिची जी बोटं गेली होती, त्यांच्याच खाली आमच्याकडच्या मशीनवर काना, स, प आणि व. आणि मराठीत कान्याशिवाय पान हलत नाही. श, ण, ख ही अक्षरंसुद्धा मशीनवर अर्धी असतात. काना जोडला तरच पुरी होतात. दर दुसऱ्या-तिसऱ्या ठोक्याला या पोरीचं बोट उडी मारून परक्या जागी जात होतं आणि परत येत होतं.

इन्स्टिट्यूटच्या सरांकडे एक जुनं मशीन पडून होतं. 'त्याचं काय करायचं ते करा,' असं म्हणून त्यांनी ते तिला देऊन टाकलं. मी कान्याची आणि दीर्घ वेलांटीची अदलाबदल केली, म्हणजे काना तिच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या टप्प्यात आला. स, प आणि व डाव्या हाताकडे नेले, आणि तिकडची कमी लागणारी अक्षरं उजवीकडे आणली. हे एका झटक्यात जमलं नाही. बसवायचं, तिला टाइप करायला लावायचं, तिला अवघड वाटलं की काढून दुसरीकडे बसवायचं, असं पुष्कळदा झालं. बटणांवर छापलेली अक्षरं मात्र बदलता येईनात. पण परीक्षेला बटणांकडे बघून टाइप करायचं नसतंच, म्हणून ती तशीच ठेवली. म्हणजे बटणावर लिहिलेलं एक आणि कागदावर उमटणार दुसरं.

गंमत अशी की ते मशीन मला तपासता येईना. मी आमची ओळ टाइप केली की कागदावर यायचं: 'बीगजीळ्यीतहा कनेरवीगची रज्ती चींवली अीहे.' वच्छला बसली की तीच ओळ स्वच्छ. माझ्याच हातानं केलेलं काम बरोबर आहे की नाही ते तिच्या हातानं बघावं लागत होतं. तिचा वेग महिन्याभरात असा चढला की इन्स्टिट्यूटमधली पोरं खिडकीशी उभी राहून बघायची. मला त्याचा फार अभिमान वाटला, अजूनही वाटतो. उस्ताद परत आल्यावर मी त्यांना काही सांगितलं नाही. शिव्या कोण खाईल!

परीक्षा गावातल्याच एका हायस्कूलमध्ये होती. तेव्हा विद्यार्थ्यांची मशीनं आदल्या दिवशी हातगाड्यांवरून परीक्षेच्या जागी नेऊन ठेवायचे. एक मेकॅनिक तिथं नेमलेला असायचा. तो सगळी मशीनं एकदा बघून घ्यायचा, म्हणजे ऐनवेळी कोणाची रिबन अडकू नये. त्या वर्षी उस्तादांना बोलावलं होतं. मी नेमका साखऱ्याकडच्या एका शाळेचं मशीन दुरुस्त करायला गेलो होतो, तो परीक्षेच्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं परतलो आणि सरळ हायस्कूलवर गेलो. म्हटलं, पोरगी टाइप करताना लांबून बघू.

वच्छला व्हरांड्यात उभी होती. हातात एक कागद होता. त्यावर लिहिलं होतं: 'बीगजीळ्यीतहा कनेरवीगची...'

"भाऊ, माझं मशीन बदललं का कोनी?" तिचा आवाज शांत होता, पण ओठ कोरडे पडले होते. "मी माझ्याच हातानं मारलं, न् हे असं येऊन राहिलं."

मी खिडकीतून पाहिलं. मशीन तेच होतं. उस्ताद हॉलमध्ये एका बाकावर बसून समाधानानं चहा पीत होते. मला बघताच म्हणाले, "दत्तू, एक मशीन देखके तो मेरा सर फिर गया. कोई गधा सारे अक्षर उलटे-सुलटे चिपकाया था. बटन पे एक, कागज पे एक. बेचारे बच्चे का क्या होता? मैं शाम तलक बैठके पूरा सीधा कर दिया."

त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पैसे तर कोणी देणारच नव्हतं. कोणा अनोळखी लेकराचं नुकसान होऊ नये म्हणून मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी त्या माणसानं आठ ठसे काढले होते आणि आठही ओळीत बसवले होते. मी त्यांना बाहेर व्हरांड्यात आणलं आणि म्हटलं, "उस्ताद, तो गधा मी. आणि ते मशीन हिचं."

वच्छलानं हात पुढं केला नाही, लपवलाही नाही. उस्तादांनी पाहिलं. चहाची बशी त्यांनी कठड्यावर ठेवली. मला वाटलं, आता माझी चामडी सोलणार. ते एवढंच म्हणाले, "बेटी का पर्चा कब है?"

तिची बॅच पहिलीच होती. मी पर्यवेक्षकांकडे धावलो. दुसऱ्या गावचे हेडमास्तर होते ते, कपाळाला आठ्या असलेले. त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला कागद तपासायला पाठवायचा आहे, बटणं नाही पाठवायची. मशीन कसंही असो. तिला दुसऱ्या बॅचला बसवतो. त्याच्यापुढे माझ्या हातात काही नाही. पहिली बॅच उठेपर्यंत तुमचं काय ते करा."

मशीन व्हरांड्याच्या टोकाला आणलं. फाटकाजवळच्या चहावाल्यानं दुधाचं पातेलं उतरवून स्टोव्ह दिला. सळई तापत ठेवली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला सगळं आठवत नाही. काना आणि वेलांटी पक्की. पण इतक्यांदा काढघाल केली होती, शेवटी 'प' कुठं गेला? 'ब'च्या जागी की 'ज'च्या? चुकीचा डाग दिला तर पुन्हा काढायला वेळ नव्हता.

"वच्छला, प कुठं असतो?"

ती गोंधळली. डोळे मिटले, उघडले. "मला न्हाई सांगता येत, भाऊ. बोटाला ठावं हाय, मला न्हाई."

आत घंटा झाली आणि पहिल्या बॅचची मशीनं एकदम कडकडायला लागली. मी पार हडबडलो. उस्ताद मात्र कठड्याशी टेकून तिच्या हातातल्या कागदाकडे बघत होते. त्यांनी तो मागून घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि बोट ठेवत ठेवत वाचायला लागले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"अरे, ये लडकी तो पूरा लिखके दी. देख. 'प' मारने गई, 'ब' आया. मतलब अब जहाँ 'ब' बैठा है, वहाँ इसका 'प' होना. 'स' मारी, 'ज' आया. 'व' मारी, 'ग' आया. इसके हाथ ने सब बोल दिया, तेरेकू सुनने नहीं आया."

खरंच होतं. ती चुकलेली ओळ हाच सगळा हिशेब होता. तिची बोटं त्यांच्या जागी अचूक पडली होती. खालची अक्षरं तेवढी सरकली होती. आमची ती कनेरगावच्या रस्त्याची ओळ आयुष्यात पहिल्यांदा खरोखर कामाला आली.

मग उस्तादांनी मांडी घातली. मी सळई तापवून द्यायची, ठसा उचकटायचा, दांडी घासून द्यायची, बसवायचं त्यांनी. सगळ्यात आधी काना. ज्या माणसानं मला 'अक्षर हिलाना नक्को' म्हणून वर्षानुवर्षं दम भरला, तो आपलाच कालचा डाग आपल्याच हातानं मोडत होता. एक ठसा बसला की ते मान हलवायचे, वच्छला वाकून ते अक्षर दोनदा मारायची, उस्ताद कागद डोळ्यांना लावायचे. कपाळावरून घाम ओघळत होता. तिचा पदर उडून स्टोव्हवर येत होता तो तिनं कमरेला खोचला. आत टाइप होतंय तोवर आपल्याला वेळ आहे, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

आतला आवाज थांबला तेव्हा 'व' राहिला होता. उस्तादांनी डाग दिला, पण तो थंड होता होता दांडी हलली. वच्छलानं मारून पाहिलं. 'व' ओळीच्या केसभर वर उमटला.

"एक बार और," उस्ताद म्हणाले आणि सळईकडे हात केला. आयुष्यात त्यांनी असं अक्षर दुकानाबाहेर जाऊ दिलं नव्हतं.

दारातून पर्यवेक्षक म्हणाले, "चला, दुसरी बॅच."

"राहू द्या, चाचा," वच्छला म्हणाली. "वाचता येतो तो." आणि मशीन मी उचलून आत नेलं.

आम्ही दोघं व्हरांड्यात बसलो. वीस मशीनं एकदम वाजत असताना एकाचा आवाज ओळखू येतो असं मी म्हटलं तर लोक हसतील, पण आम्हाला तो येत होता. तिचा ठेका वेगळाच होता, दोन बोटांची जागा चुकवून जाणारा. तो कुठं अडला नाही. उस्ताद मान हलवत ऐकत राहिले. शेवटची घंटा झाली तसे म्हणाले, "मैं सीधा समझके किया था, दत्तू." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "मला ठाऊक आहे, उस्ताद."

ती पास झाली. ती जागाही तिला मिळाली. ऑफिसचं मशीन तिच्या कामाचं नव्हतं, तर तिथल्या साहेबांनी तिला स्वतःचं मशीन आणून वापरायची परवानगी दिली. ज्या दिवशी मशीन ऑफिसात न्यायचं होतं त्या दिवशी उस्तादांनी ते आधी दुकानात मागवलं. कुठूनसा लाल रंग पैदा केला आणि काडीनं मशीनच्या कुशीला एक ठिपका दिला.

"ये कायकू?" मी विचारलं.

"कल को कोई ईमानदार आदमी आके फिर सीधा कर देंगा," ते म्हणाले.

त्यांनी परभणी-नांदेडच्या सगळ्या ओळखीच्या मेकॅनिकांना निरोप धाडले: कुशीला लाल ठिपका असला तर अक्षरं हलवायची नाहीत, आधी विचारायचं की हे कोणाच्या हाताचं आहे. पुढं आम्ही आणखी काही जणांची अक्षरं हलवली. एका वकिलांचा पक्षाघातानं डावा हात गेला होता, त्यांचंही मशीन केलं. प्रत्येकाला ठिपका. पण उस्ताद त्यानंतर फार वर्षं राहिले नाहीत. तो 'व' पुन्हा बसवून देण्याचं ते दर भेटीत वच्छलाला म्हणायचे, पण तिचं काम कधी थांबतच नसे, म्हणून ते राहूनच गेलं.

मग कॉम्प्युटर आले आणि आमचं दुकान बंद झालं. मी लेकाकडे राहायला गेलो. दोन-तीन वर्षांमागं कनेरगाव नाक्यावर जेवायला थांबलो असताना शेजारच्या भंगाराच्या दुकानात एक टाइपरायटर दिसला. सवयीनं जवळ गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, त्याले घेऊन काय करसान? बिघडेल हाय. भलतंच उमटते."

मी मशीन वळवलं. कुशीला लाल ठिपका होता, फिकट पडलेला.

"बिघडलेलं नाही ते," मी म्हटलं, आणि गाडीत घालून आणलं.

वच्छलाबाई आता रिटायर झाल्या आहेत, हिंगोलीतच असतात. ऑफिसनं जुनं सामान काढलं तेव्हा त्या आजारी होत्या, मशीन कुठं गेलं त्यांना कळलंच नव्हतं. मी ते त्यांच्या ओट्यावर ठेवलं, नवी रिबन घातली. त्यांनी चष्माही लावला नाही. माझ्याकडे बघत, बोलत बोलत त्यांनी ती ओळ मारली: 'पावसाळ्यातही कनेरगावचा रस्ता चांगला आहे.' एक अक्षर चुकलं नाही. दोन्ही 'व' तेवढे केसभर वर.

माझ्या पिशवीत अजून सळई असते. मी म्हटलं, "तेवढा 'व' बसवून देऊ का? उस्तादांच्या मनात राहून गेलं होतं."

वच्छलाबाईंनी कागद काढून घेतला, वर गेलेल्या त्या 'व'वरून अंगठा फिरवला.

"न्हाई, दत्तूभाऊ," त्या म्हणाल्या. "बाकीची मांडणी माझ्या हाताची हाय. तेवढा 'व' त्यांच्या हाताचा हाय. राहू द्या."